तरंगत्या तोफा : मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, १९६७

व्हिएतनाम युद्धात, जून १९६७ मध्ये अमेरिकेच्या ९व्या पायदळ डिव्हिजनची दुसरी ब्रिगेड मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात लढायला उतरली, तेव्हा तिची छावणी जमिनीवर नव्हती. ‘बेनेवा’ आणि ‘कॉलेटन’ या नदीत नांगरलेल्या जहाजांवर सैनिक झोपत, जेवत आणि तिथूनच चिलखती नौकांत बसून मोहिमेवर जात. या नौका नौदलाच्या टास्क फोर्स ११७ च्या होत्या. भूदल आणि नौदल मिळून जे दल झाले त्याला मोबाइल रिव्हराइन फोर्स म्हणत. पायदळाने हलायचे कसे, हा प्रश्न असा सुटला. त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या तोफांनी कुठे उभे राहायचे, हा प्रश्न मात्र उरला होता.

प्रदेशाचे रूप आधी लक्षात घ्यायला हवे. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश म्हणजे जेमतेम समुद्रसपाटीवरची भातखाचरे, नद्यांचे फाटे, फ्रेंचांनी खोदलेले कालवे आणि काठाकाठाने नीपा ताडाची दाट रांग. सायगावहून दक्षिणेला जाणारा धड रस्ता एकच, राष्ट्रीय मार्ग ४. समुद्राकडच्या मुखांशी भरती-ओहोटीत पाणी तीन-तीन मीटर वरखाली होते आणि हा चढउतार आतल्या ओढ्यांपर्यंत पोचतो. कोरडा तुकडा दिसला तर त्यावर आधीच गाव, फळबाग किंवा थडगी असतात. तोफांची बॅटरी, म्हणजे एकत्र डागणाऱ्या तोफांचा गट, मांडायला जी जागा लागते ती इथे निसर्गाने दिलेलीच नाही. ब्रिगेडच्या मुख्य तळासाठी, मी-थो शहराजवळच्या डोंग तामसाठी, नदीतली वाळू उपसून सुमारे ६०० एकरांचा भराव टाकावा लागला. जानेवारी १९६७ मध्ये व्हिएत काँगच्या, म्हणजे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या, पाण्याखालून आलेल्या माणसांनी ‘जमैका बे’ नावाचे उपसा करणारे जहाजच सुरुंग लावून बुडवले. या मुलखात कोरडी जमीन हे एक लक्ष्य होते, हे प्रतिपक्षालाही नीट कळले होते.

आपल्याकडे १९७१ च्या पूर्व बंगाल मोहिमेत पावसाळा सरेपर्यंत थांबायचे ठरले आणि डिसेंबरच्या सुकलेल्या जमिनीवर सैन्य उतरले. मेकाँगमध्ये थांबून काही सुकणार नव्हते.

चिखलात तोफेचे नेमके काय बिघडते? १०५ मिमी हॉवित्झर डागली की नळी मागे येते. हा धक्का आधी तोफेतली यंत्रणा झेलते आणि उरलेला गाड्यामार्गे जमिनीत जातो. जमीन घट्ट असेल तर तोफेच्या शेपटाची फाळ पहिल्या एक-दोन गोळ्यांत रुतून बसते आणि मग तोफ हलत नाही. खाचरात उलटे होते. फाळ प्रत्येक गोळ्यागणिक आणखी मागे आणि आणखी खाली जाते, एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त बुडते, नळी कलते. दिशा आणि उंचीचे कोन दर वेळी नव्याने लावावे लागतात. त्यात समोर अशी दिशाच नसते. शत्रू पूर्वेला सापडेल की पश्चिमेला ते सकाळी ठाऊक नसते, म्हणून तोफेला चहूकडे वळता आले पाहिजे. जुन्या एम-१०१ हॉवित्झरची नळी गाडा न हलवता दोन्ही बाजू मिळून ४६ अंशच वळते. त्यापलीकडे वळवायचे म्हणजे सव्वादोन टनांचा रुतलेला गाडा आठ माणसांनी चिखलातून उपसून फिरवायचा. नवी एम-१०२ दीड टनाची, मधल्या गोल बैठकीवर आणि शेपटाच्या रुळावर पूर्ण ३६० अंश फिरणारी. पल्ला साडेअकरा किलोमीटर. या मुलखाला हीच तोफ हवी होती, पण तिच्या गोल बैठकीलाही खाली काहीतरी घट्ट लागतेच.

पर्याय होते. डोंग तामच्या भरावावरून डागावे, तर पायदळ बारा किलोमीटर पुढे गेले की मारा संपला. मार्ग ४ च्या कडेला तोफा लावाव्यात, तर मोहीम रस्त्याला बांधली गेली, आणि व्हिएत काँगचे तळ रस्त्यापासून दूर होते म्हणूनच तर जहाजांवर राहायची पाळी आली होती. चिनूक हेलिकॉप्टरने तोफ उचलून न्यावी, तर उतरवायची कुठे? यासाठी पुढे पायांवर उभे राहणारे सुमारे २२ फूट चौरस धातूचे व्यासपीठ तयार झाले. रुंद पावले खाचराच्या तळाशी टेकतात, पाय वरखाली करून पाट समतल करता येतो आणि त्यावर एक एम-१०२ बसते. कल्पना उत्तम होती. पण प्रत्येक तोफेला एक व्यासपीठ, प्रत्येक व्यासपीठाला आणि तोफेला हेलिकॉप्टरची वेगळी फेरी, आणि मग दारूगोळ्याच्या फेऱ्या सुरू. त्याकडे पुढे येऊ.

ब्रिगेडच्या थेट मदतीला असलेली तुकडी होती ३४व्या तोफखान्याची ३री बटालियन. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कॅरल मीक यांच्या पुढाकाराने तोफा पाण्यावरूनच डागण्याचे प्रयोग सुरू झाले. ही कल्पना काही अगदी नवी नव्हे. १८६२ साली मिसिसिपी नदीवर अमेरिकी यादवी युद्धात १३ इंची उखळी तोफा तराफ्यांवर बसवून बेटावरच्या किल्लेबंदीवर डागल्या होत्या. पण तेव्हाचे लक्ष्य एका जागी बसलेले होते आणि तराफ्यांना आठवडेच्या आठवडे एकाच काठाला राहता आले. इथे पायदळ रोज जागा बदलणार होते.

आधी वापरून पाहिलेला तरंगता पाट पाण्यात फार खोल बसे, आणि अरुंद ओढ्यांत त्याचा उपयोग नव्हता. मग नौदलाचे नेहमीचे पोलादी पाँटून, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ डबे, प्रत्येकी सात फूट बाय पाच फूट, एकमेकांना जोडून ९० फूट लांब आणि २८ फूट ४ इंच रुंद असा बार्ज, म्हणजे सपाट तळाचा तराफा, बांधला. मधोमध तोफचींची राहण्याची खोली, दोन्ही टोकांना दारूगोळ्याची कोठारे, आणि खोलीच्या अलीकडे-पलीकडे एकेक एम-१०२. कडेने चिलखती पत्रे. असे तीन बार्ज म्हणजे सहा तोफांची एक बॅटरी. बार्जला स्वतःचे इंजिन नाही. प्रत्येकाला मागून ढकलायला एक एलसीएम-८ जातीची नौका. शिवाय दोन नौका जादा : एक दारूगोळ्याची, दुसरीत मारा-नियंत्रण कक्ष आणि बॅटरीचे मुख्यालय. ढकलणाऱ्या नौका भूदलाच्याच १०९७व्या वाहतूक कंपनीच्या होत्या. ही गोष्ट बारीक वाटेल, पण तोफखान्याची वेळ नौदलाच्या चिलखती नौकांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिली नाही ती यामुळे.

बार्जवरून डागण्याची रीत वाचताना पहिली शंका येते ती अचूकतेची, आणि ती रास्त आहे. २७ मीटर लांबीच्या बार्जचे एक टोक प्रवाहाने अर्धा मीटर सरकले तर बार्ज सुमारे एक अंशाने फिरतो. तोफेची दिशा बार्जच्या हिशेबाने धरलेली असेल, तर आठ किलोमीटरवर गोळा जवळजवळ १४५ मीटर बाजूला पडेल. पायदळाने स्वतःपासून दोनशे मीटरवर मारा मागितला असेल तेव्हा या आकड्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. म्हणून दिशा बार्जवर धरायचीच नाही. बार्ज काठाला टेकवून दोरांनी बांधायचे, सर्वेक्षण काठावर करायचे, नेमखुंट्या जमिनीत रोवायच्या, आणि प्रत्येक गोळ्याआधी तोफेची दुर्बीण त्या खुंट्यांवर परत आणायची. बार्ज अर्धा मीटर सरकला तरी तोफेची जागा अर्धाच मीटर चुकते, आणि ते चालते. कोन चुकलेला चालत नाही, आणि कोन जमिनीने राखलेला असतो. भरती-ओहोटीने पाणी चढउतर करते तसे दोर सैल किंवा ताठ करत राहायचे. डागल्यावर बार्ज डुलतो, तो शांत होईपर्यंत पातळीचा बुडबुडा मधोमध येत नाही, म्हणून सलग माऱ्याचा वेग काठावरच्या तोफांपेक्षा कमी. एकाच बार्जवर दोन तोफा असल्याने एकीचा धक्का दुसरीच्या नेमालाही बसतो. तोफचींनी याची लय बसवली असणार. हे काम आकड्यांपेक्षा हातांना अधिक कळते.

बार्जचा सगळ्यात मोठा फायदा मात्र माझ्या मते फिरतेपणा नव्हे, दारूगोळ्याचा साठा हा होता. १०५ मिमीचा एक पूर्ण राउंड वेष्टनाशिवाय एकोणीस किलोंच्या आसपास भरतो. हजार राउंड म्हणजे एकोणीस टन. चिनूक त्या उष्ण हवेत एका फेरीत चार टनांच्या आसपास उचले. एका एलसीएम-८ ची क्षमता पन्नास टनांहून अधिक. म्हणजे एका नौकेत चिनूकच्या डझनभर फेऱ्या मावतात, आणि ती नौका तोफेच्या शेजारीच बांधलेली असते. खाचरातल्या व्यासपीठावरची तोफ जागेवर लवकर पोचते खरी, पण दुपारी मोठी चकमक उडाली की तिचा मारा हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांवर चालतो. आणि नेमक्या त्याच दुपारी हेलिकॉप्टर जखमींना न्यायला हवी असतात. बार्जवर रात्रभर मारा चालू ठेवता येई. तोफची कोरड्या पाटावर उभे असत हेही कमी नाही. खाचरात भिजणाऱ्या पायदळाचे पाय दोन दिवसांनंतर सडायला लागत, त्यामुळे ९व्या डिव्हिजनने कंपन्यांना ४८ तासांच्या आसपास पाण्याबाहेर काढायचा शिरस्ता ठेवला होता. कंपन्या बदलत, बॅटरी तिथेच राही.

याची किंमत पायदळाच्या योजनेला मोजावी लागली. पुस्तकी क्रम असा असतो : पायदळ कुठे लढणार ते ठरते आणि मग त्याला तोफांचा आधार दिला जातो. इथे तो उलटला. बार्ज ओढ्यांतून रेंगाळत जाणार, म्हणून ते आधी निघणार, सोबत राखणीला पायदळाची तुकडी. पुरेशा खोल पाण्यात, ओहोटीला गाळात न अडकेल अशा काठाला, झाडी छाटून ते लागणार. त्या काठाभोवती साडेअकरा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि पायदळाची मोहीम त्याच्या आत बसवायची. नकाशावर सगळा प्रदेश जलमार्गांनी विणलेला दिसतो, पण बॅटरी लागू शकेल असे काठ त्यात मोजकेच. नदीकाठच्या लोकांना सहा तोफा ढकलत नेणारा ताफा लपून राहणे शक्य नव्हते. उद्या कुठे काहीतरी होणार याचा अंदाज व्हिएत काँगला आज संध्याकाळीच येई. नेमके कुठे, एवढेच गुलदस्त्यात राही.

१९ जून १९६७ ला लाँग अन प्रांतात कान जुओक भागात आप बाक गावाजवळ ४७व्या पायदळाच्या बटालियन अडकल्या. (१९६३ ची प्रसिद्ध आप बाकची लढाई वेगळी, ती दिन्ह तुओंग प्रांतात झाली.) ४थ्या बटालियनची ‘ए’ कंपनी उघड्या खाचरात होती आणि झाडीच्या कडेच्या बंकरांतून तिच्यावर जवळून मारा सुरू झाला. त्या दिवशी ४५ हून अधिक अमेरिकी सैनिक पडले आणि सुमारे दीडशे जखमी झाले. तोफखान्याचा पल्ला तिथे पोचत होता. अडचण वेगळीच होती. तोफखान्याचा पुढचा निरीक्षक चिखलात पालथा पडलेला. बांधाची उंची फूटभर. समोरच्या झाडीत आपला गोळा कुठे पडला ते त्याला दिसत नाही. सपाट मुलखात उंचवटा नसतो, म्हणून डोळे हवेत ठेवावे लागतात. छोट्या विमानातला किंवा हेलिकॉप्टरमधला निरीक्षक नसेल तर तोफ आंधळी. आणि हवेत विमाने आली की गोळे थांबवावे लागतात. जेट विमानांचा हल्ला, जखमींची हेलिकॉप्टर आणि तोफांच्या गोळ्यांची वाट एकाच आकाशातून जाते. अशा दिवसांच्या नोंदींमध्ये ‘मारा थांबवा’ हा आदेश जेवढ्या वेळा येतो तेवढा वाचणाऱ्याला बोचतो.

गोळा पडल्यावरही खाचर त्याची ताकद खाते. आघाताने फुटणारा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, मऊ गाळात उशिरा पेटतो, गोळा आधी खोल जातो, आणि तुकड्यांऐवजी चिखलाचे कारंजे वर उडते. उघड्यावरच्या माणसांविरुद्ध हवेत फुटणारा फ्यूज बरा, पण मुसळधार पावसात तो वाटेतच फुटण्याचा धोका. बंकर मात्र हवेत फुटणाऱ्या गोळ्याला दाद देत नाही. इथले बंकर मातीचे आणि ताडाच्या ओंडक्यांचे, काठाच्या बांधातच खणलेले असत. त्यांना उशिरा फुटणारा फ्यूज हवा आणि गोळा नेमका छतावर हवा. आठ किलोमीटरवरून १०५ मिमीने तसे करणे हा नशिबाचा भाग होता. बंकर फोडण्याचे काम शेवटी मॉनिटर जातीच्या चिलखती तोफनौकांच्या ४० मिमी तोफा जवळून करत. म्हणजे बार्जवरच्या तोफखान्याने शत्रूला बंकरात डांबून ठेवायचे, निसटायच्या वाटा बंद करायच्या, आणि फोडायचे दुसऱ्याने. ही वाटणी तेव्हाच्या योजनांत स्पष्ट लिहिली असती तर पायदळाच्या तोफखान्याकडूनच्या अपेक्षा वेगळ्या झाल्या असत्या असे वाटते.

१५ सप्टेंबर १९६७ चा राच बा राइ ओढा ही या व्यवस्थेची खरी परीक्षा. या दलाच्या ‘कोरोनाडो’ नावाच्या मोहिमांपैकी ही पाचवी. ६०व्या पायदळाची ३री बटालियन नौकांच्या रांगेतून अरुंद ओढ्यात वर चालली होती. सकाळी साडेसातच्या सुमारास दोन्ही काठांच्या बंकरांतून रॉकेट आणि धक्कारहित तोफांचा मारा सुरू झाला. समोर होती व्हिएत काँगची २६३वी बटालियन. तोफांचा मारा नेमलेला होता तो पायदळ उतरणार त्या काठांसाठी. हल्ला मात्र त्याआधी, वाटेतच झाला. आता लक्ष्य नौकांच्या दोन्ही बाजूंना, काही डझन मीटरांवर. नौका हलत्या, धुरात अडकलेल्या, कोणती नेमकी कुठे आहे ते वरच्या निरीक्षकालाही पटकन सांगता येत नाही. नौकांना मागे घ्यावे लागले आणि त्याच दिवशी ताफा पुन्हा आत गेला. या वेळी मारा दोन्ही काठांवर आधीपासून, वाटेच्या बाजूने. धडा साधा होता, पण रक्त सांडून शिकला गेला : पाण्यावरच्या पायदळाला उतरण्याच्या जागेइतकीच वाटेचीही गोळ्यांची यादी तयार लागते, काठाच्या प्रत्येक वळणासाठी, आधीच आकडे काढून ठेवलेली. रस्त्यावरच्या ताफ्याला आडवे वळून पसरता येते. ओढ्यातल्या नौकेला फक्त पुढे किंवा मागे जाता येते.

तोफ लावून झाली, निरीक्षकाने जागा सांगितली, तरी एक अडसर उरतोच : परवानगी. त्रिभुज प्रदेश दाट वस्तीचा, गावे कालव्यांच्या कडेने दोऱ्यासारखी पसरलेली. झाडीची जी रांग व्हिएत काँगचे बंकर लपवते तिच्यातच घरे असतात. वस्तीजवळ मारा करण्याआधी दक्षिण व्हिएतनामच्या जिल्हा किंवा प्रांत प्रमुखाकडून होकार घ्यायचा असे. ही साखळी हळू चाले, आणि तोफखान्याच्या लोकांना तिचा त्रास होई. पण तो त्रास अनाठायी मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुढे डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात याच डिव्हिजनने ‘स्पीडी एक्स्प्रेस’ मोहिमेत १०,८९९ शत्रू मारल्याचे सांगितले आणि हाती लागलेली शस्त्रे होती ७४८. या फरकात किती शेतकरी गेले त्यावर आजही वाद आहे. त्या मोहिमेत हेलिकॉप्टरांचा वाटा मोठा होता, सगळे माप तोफखान्याच्या पदरात घालता येणार नाही. पण मारा जितका सहज मिळतो तितका तो विचार न करता मागितला जातो, आणि रात्रभर पुरेल एवढा साठा बाजूलाच बांधलेला असला की मोह वाढतो. बार्जच्या ज्या गुणाचे वर कौतुक केले त्याचीच ही दुसरी बाजू.

फेब्रुवारी १९६८ मध्ये तेत आक्रमणाच्या, म्हणजे कम्युनिस्टांनी शहराशहरांवर केलेल्या हल्ल्यांच्या, वेळी हे दल मी-थो, विन्ह लाँग, कान थो असे शहराशहरांकडे धावले. जहाजांवरचा तळ कुठेही नांगरता येत असल्याने ब्रिगेडला हे जमले. शहरांच्या गल्ल्यांत मात्र १०५ मिमीचा प्रश्न पूर्ण वेगळा होता, आणि बार्जसाठी शोधलेली उत्तरे तिथे फारशी कामी येत नव्हती.

त्यानंतर डिव्हिजनचा कल हेलिकॉप्टरांकडे झुकला. छोट्या तुकड्या दिवसात अनेक ठिकाणी टाकायच्या, सापडले तिथे गराडा घालायचा. या वेगाशी बार्जचे जमेना. पायांवरचे व्यासपीठ जुळत होते, कारण त्याला ओढा लागत नव्हता. म्हणजे १९६७ साली साठ्यासाठी केलेली निवड १९६८-६९ मध्ये वेगाच्या बाजूने फिरली, आणि दोन्ही निवडी आपापल्या डावपेचांसाठी योग्य होत्या. नदीवरून लढणाऱ्या ब्रिगेडला हेलिकॉप्टरचा तोफखाना महाग पडला असता. हेलिकॉप्टरने लढणाऱ्या ब्रिगेडला बार्जचा तोफखाना मागे पडलेला दिसला असता.

१९६९ च्या उन्हाळ्यात ९व्या डिव्हिजनचा मोठा भाग मायदेशी परतला आणि २५ ऑगस्टला मोबाइल रिव्हराइन फोर्स विसर्जित झाले. चिलखती नौका दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाकडे सोपवल्या गेल्या. पायदळाची, तोफांची आणि नौकांची योजना एकाच जहाजावर, एकाच टेबलाशी ठरवणारी रचना मात्र नौकांबरोबर सोपवता येण्यासारखी नव्हती.